अंग मोकळे होते

भोपाळच्या नेहरू नगरात राहणाऱ्या माणसाला पाणी शोधीत हिंडावे लागत नाही. वसाहतीच्या एका अंगाला भदभद्याचा बंधारा आणि त्यामागे दूरवर पसरलेला मोठा तलाव. दुसऱ्या अंगाला कलियासोत नदी. भारतीय वन प्रबंध संस्थेच्या टेकडीकडे सकाळी फिरावयास गेले म्हणजे पाण्याचा तो विस्तार पाहून मन निवते. १९६५ साली भदभद्याला अकरा दरवाजांचा बंधारा झाला. तेव्हापासून तलाव भरला की दरवाजे उघडतात, कलियासोतेस पाणी सुटते आणि सारे शहर ते पाहावयास लोटते. आम्हीही जातो. पाणी पाहणे हा एक आनंद आहेच; पण पाण्यात उतरणे ही त्याहून निराळी गोष्ट आहे, आणि ती नेमाने, रोजच्या रोज, पोक्त वयात करणे ही तर फारच निराळी. त्या निराळ्या गोष्टीचा इतिहास या लेखात थोडासा चाळून पाहावा असा आमचा मानस आहे.

या तलावाच्या जन्माची जी दंतकथा येथे घरोघरी सांगतात तिच्यापासूनच आरंभ करणे योग्य होईल. धारानगरीच्या भोजराजाला त्वचेचा असाध्य विकार जडला. वैद्य थकले. तेव्हा एका साधूने सांगितले की ३६५ ओढ्यांचे पाणी एकत्र करून तळे बांध आणि त्यात स्नान कर, व्याधी जाईल. राजाने ओढे मोजविले, तो भरती पुरी होईना. मग कालिया नावाच्या एका गोंड सरदाराने एक गुप्त नदी दाखवून दिली, हिशेब जुळला, आणि त्या नदीस त्याचे नाव मिळाले. तीच ही कलियासोत. काहीजण ही कथा भोजपूरजवळच्या, पुढे फुटून गेलेल्या विशाल जलाशयाची म्हणून सांगतात, काहीजण भोपाळच्या तलावाची म्हणून. इतिहासाच्या दरबारात ती पुरावा म्हणून उभी राहणार नाही. भोज परमार अकराव्या शतकात होऊन गेला, त्याच्या नावावरील समरांगणसूत्रधार ग्रंथात धारागृहांसारख्या जलयंत्रांचे वर्णन आहे आणि मोठ्या तलावाचे श्रेय परंपरा त्यालाच देते, एवढे म्हणून इतिहासाला थांबावे लागते.

परंतु दंतकथा खोटी असली तरी ती जे विचारते ते खोटे नसते. एवढे मोठे जलाशय बांधण्याचे कारण म्हणून लोकांनी शेतीचे पाणी सांगितले नाही, वैभव सांगितले नाही, की शत्रूपासून संरक्षण सांगितले नाही. एका प्रौढ माणसाच्या देहाचे खाजगी दुःख सांगितले. राजाला पाण्यात उतरावयाचे होते, आणि त्याचे कारण त्याचे एकट्याचे होते.

आमचे लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले. गावाखालच्या नदीला एक खोल डोह होता. आमच्याकडे अशा डोहास कोंड म्हणतात. वडील रोज पहाटे त्या कोंडीवर जात, आठ फेऱ्या मारीत आणि ओल्या पंचाने डोके पुशीत परत येत. पावसाळ्याचे पुराचे दिवस सोडले तर त्यात खंड नसे. त्यांनी कधी कोणाशी पैज मारली नाही, कोणाला आपले पोहणे दाखविले नाही. आम्ही एकदा धीर करून विचारले, "अण्णा, तुम्ही रोज कशासाठी पोहता?" ते म्हणाले, "अंग मोकळे होते." एवढेच. त्यापुढे विचारावयाची पद्धत नव्हती, आणि आम्हांसही तेव्हा ते उत्तर पुरेसे वाटले.

आज वाटते की ते उत्तर पुरेसे होते, पण आमचा प्रश्नच अपुरा होता. अंग मोकळे होते हे खरे; तर मग ते बांधलेले कशाने होते? प्रौढांच्या पोहण्याचा इतिहास लिहावयाचा तर तो या दुसऱ्या प्रश्नापाशी सुरू होतो. माणसाला जखडणारी गोष्ट प्रत्येक काळी वेगळी असते, आणि म्हणून पाण्यात उतरण्याचे कारणही प्रत्येक काळी वेगळे होते.

फार जुन्या काळी हा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण पोहणे हे निराळे असे काही नव्हतेच. कोळी, भोई, नावाडी यांना ते पोटासाठी यावे लागे. ज्याचे शेत नदीपलीकडे त्याला ते शेतासाठी यावे लागे. पोहणे न येणाऱ्याने वाळलेले भोपळे कमरेस बांधून जावे. आणि ओझे न्यावयाचे असेल तर भोपळ्यांची किंवा ओंडक्यांची सांगड करावी. आपण आज दोन गोष्टींची सांगड घालतो तो वाक्प्रचार या पाण्यातूनच वर आला आहे. 'पट्टीचा पोहणारा' हे विशेषण आपण आता वक्त्यालाही लावतो, राजकारण्यालाही लावतो. भाषेत इतके पाणी मुरले आहे, याचा अर्थ ते एके काळी लोकांच्या रोजच्या व्यवहारात होते.

गोमंतकात पोहण्याला पेंवप म्हणतात. मराठीतले पोहणे आणि कोंकणीतले पेंवप ही दोन्ही एकाच घराण्यातली भावंडे वाटतात. त्याच गोमंतकात दरवर्षी २४ जूनला सांजांवचा सण येतो. पावसाने विहिरी तुडुंब भरलेल्या असतात. डोक्यावर पानाफुलांचा कोपेल घातलेले बाप्ये घुमटाच्या तालावर घरोघर जातात आणि विहिरीत, तळ्यात, ओढ्यात उड्या घेतात. नव्या जावयाचा त्या दिवशी विशेष मान असतो. संत जॉन मातेच्या उदरात असतानाच आनंदाने उसळला, त्याची ही आठवण. वर्षभर चारचौघांत जपून वागणारा गृहस्थ त्या एका दिवशी सर्वांदेखत विहिरीत उडी मारतो आणि त्याला कोणी वेडा म्हणत नाही. सणाने दिलेली ती सवलत आहे.

घाटावर ही सवलत व्रताने दिली. कार्तिकस्नान, माघस्नान ही महिनाभराची व्रते. पहाटेच्या थंडीत नदीवर जावयाचे, बुडी घ्यावयाची, परत यावयाचे. ती पुण्यासाठी होती हे उघड आहे. परंतु ज्या स्त्रीला एरव्ही उंबऱ्याबाहेर पडावयास कारण सांगावे लागे तिला महिनाभर रोज, अंधार असतानाच, नदीपर्यंत जावयाची वाट त्या व्रताने मोकळी करून दिली, हेही तितकेच उघड आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या विनोदांमध्ये जलक्रीडेचा समावेश आहे. राजाला जो विनोद होता तो कुणब्याला कामाचा भाग होता आणि विधवेला व्रताचा. पाणी तेच; कारणे तीन.

येथे एक गोष्ट दडवून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाणी तेच असले तरी ते सर्वांचे नव्हते. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ साली संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे आपले तळे खुले असल्याचेही जाहीर केले, तरीसुद्धा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह चवदार तळ्यावर चालत जाऊन त्यातील पाणी ओंजळीने प्यावे लागले, आणि त्यानंतर सनातन्यांनी ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' करून घेतले. न्यायालयाचा अंतिम निकाल यावयास १९३७ साल उजाडले. तो लढा पोहण्याचा नव्हता. पिण्याच्या पाण्याचा आणि माणुसकीचा होता. परंतु ज्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेता येत नाही, त्यात उडी कोण मारणार? पोहण्याच्या गोड आठवणी सांगणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे की आमच्या कोंडीवरही ठराविक घरचीच मुले असत. बाकीची मुले कोठे पोहतात, हा प्रश्न त्या वयात आम्हांस पडला नव्हता. मुंबईच्या ब्रीच कँडीच्या तलावात तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे हिंदी माणसाला मज्जाव होता. म्हणजे देशी पाण्याची दारे आम्ही आपल्याच भावांस बंद केली होती, आणि विलायती पाण्याची दारे आम्हांस बंद होती. जातीने बांधलेल्या, वर्णाने बांधलेल्या अंगास पाण्यात मोकळे होण्याआधी काठावरच भांडावे लागले.

मग नळ आले. शहरांत घरोघर न्हाणीघर झाले आणि नदीवर जाण्याचे कारण संपले. आमच्या भोपाळातील मराठी वस्तीची कथा याच काळाशी जोडलेली आहे. शाळेत आम्ही भोपाळ शिकलो ते १७३७ च्या मोहिमेमुळे. थोरल्या बाजीरावाने निजामास येथे कोंडले आणि १७३८ च्या जानेवारीत दोराह्याचा तह झाला, एवढेच नाव आम्हांस ठाऊक. प्रत्यक्षात या शहराशी संसाराचा संबंध आला तो बहुतेकांचा १ नोव्हेंबर १९५६ नंतर. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपुराहून कचेऱ्यांबरोबर माणसे आली. ग्वाल्हेर व इंदूर येथून आली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अवजड विद्युत सामानाच्या कारखान्यासाठी पुढे आणखी आली. कोणी मागे कृष्णा टाकून आले, कोणी वैनगंगा, कोणी क्षिप्रा, कोणी आमच्यासारखा एखादा कोंड. येथे डोळ्यांसमोर केवढा थोरला तलाव होता. पण तो शहराच्या पिण्याच्या पाण्याचा. शीतलदासाच्या बगियासारख्या घाटांवर लोक बुड्या मारीत, मुले सूर मारीत, परंतु कचेरीत दहाला हजर होणाऱ्या, नव्या शहरात परका असलेल्या गृहस्थाने तेथे जावे असे वातावरण नव्हते. आमचेही पोहणे त्या काळात सुटले ते सुमारे तीस वर्षे सुटले.

नदीची जागा बांधीव तलावाने घेतली. मध्य प्रदेशात त्याला 'तरण पुष्कर' असे मोठे भारदस्त नाव आहे. भोपाळातील प्रकाश तरण पुष्कराचे नाव येथे सर्वांस ठाऊक आहे. बांधीव तलावाने पाणी स्वच्छ केले, खोली रंगवून दाखविली, जीवरक्षक नेमला, स्त्रियांसाठी वेगळी वेळ ठेवली. हे उपकार लहान नव्हेत. नदीने स्त्रियांना कधी वेळ नेमून दिली नव्हती. परंतु या तलावाबरोबर दोन समजुतीही आल्या. एक, पोहणे हे मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत शिकवावयाचे असते. दुसरी, मोठेपणी पोहावयाचे ते शर्यतीसाठी. प्रौढ माणूस, ज्याला ना शिकावयाचे ना जिंकावयाचे, त्याच्यासाठी या दोन्हींमध्ये जागा उरली नाही. तो तिकिटाच्या खिडकीपाशी उभा राहिला की "कोणाला शिकवायचे आहे?" असे विचारले जाते. आम्हांस तसे विचारले गेले आहे.

शर्यतीचा आणि विक्रमांचा इतिहास सुदैवाने लिहिला गेला आहे. कॅप्टन मॅथ्यू वेब याने १८७५ च्या ऑगस्टमध्ये सुमारे पावणेबावीस तासांत इंग्लिश खाडी पोहून पार केली. २७ सप्टेंबर १९५८ रोजी मिहिर सेन यांनी ती पार केली. वकिलीच्या अभ्यासासाठी विलायतेस गेलेला हा गृहस्थ खाडीच्या ध्यासाने जाणत्या वयात पोहण्याच्या तालमीस लागला होता. पुढच्याच वर्षी २९ सप्टेंबरला आरती साहा यांनी ती पार केली. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ साली जगातील सात अवघड खाड्यांचा क्रम पुरा केला. आशियातून तो पुरा करणारे ते पहिले. या नावांनी आमची छाती भरून येते. परंतु विक्रमाच्या नोंदीत अंतर असते, वेळ असते, तारीख असते, कारण नसते. आणि कारण शोधू लागलो की एक विलक्षण गोष्ट दिसू लागते.

सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळविले. वैयक्तिक सुवर्णपदकाचा हा मान तोवर कोणत्याही भारतीयास त्या स्पर्धेत मिळाला नव्हता. देशाला त्यांची पुरती ओळख पटावयास फार वर्षे लागली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. परंतु पदकाच्या आधी असलेला तो पहिला दिवस आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. जमिनीवर ज्याला दुसऱ्याने उचलावे लागते तो माणूस पाण्यात स्वतःच्या हातांनी पुढे सरकला, तो दिवस.

मुंबईचे तारानाथ शेणॉय यांना ऐकू येत नव्हते आणि दृष्टीही अधू होती. त्यांनी १९८३ साली इंग्लिश खाडी पार केली. १९२६ साली हीच खाडी पार करणारी पहिली स्त्री, अमेरिकेची गरट्रूड एडर्ल, हिचेही कान लहानपणापासून अधू होते. पुढे तिने बहिऱ्या मुलांना पोहणे शिकविण्यात वर्षे घालविली. कवी बायरन पायाने अधू होता, आणि १८१० च्या मे महिन्यात हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून गेल्याचा अभिमान त्याला जन्मभर होता. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पक्षाघाताचा तो विकार जडला. १९२४ पासून ते वॉर्म स्प्रिंग्ज येथील ऊन झऱ्यांच्या पाण्यात उतरू लागले, आणि १९३३ साली ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर लोकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पोहण्याचा तलाव बांधून दिला. आमच्याच राज्यातील, भिंड जिल्ह्यात जन्मलेले सत्येंद्रसिंह लोहिया दोन्ही पायांनी अधू. २०१८ साली सहकाऱ्यांसह पाळीपाळीने पोहत त्यांनी इंग्लिश खाडी पार केली, आणि २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

ही यादी मुद्दाम एका बाजूची वाटेल. तशी ती आहे. परंतु ती मांडण्याचे कारण असे की, या माणसांच्या बाबतीत 'अंग बांधलेले होते' हे शब्दशः खरे होते, म्हणून आपणांस ते दिसते. इतरांच्या बाबतीतही ते खरे असते. फक्त दिसत नाही.

पाण्याचे यात काय कर्तृत्व आहे ते शास्त्राने सांगितले आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार सुमारे निम्मा होतो; मानेइतक्या पाण्यात तो दहाव्या हिश्शाच्या आसपास उरतो. ज्या गुडघ्यांनी जिना चढवत नाही ते पाण्यात तक्रार करीत नाहीत. छातीवर पाण्याचा दाब येतो, त्यामुळे श्वास घेणारे स्नायू कामाला लागतात. तोंड पाण्याखाली असते, म्हणून श्वास मोजून घ्यावा व मोजून सोडावा लागतो. एरव्ही दिवसभर न कळत चालणारी क्रिया तेवढा वेळ माणूस जाणूनबुजून करतो. ज्या शहराने १९८४ च्या डिसेंबरातील ती विषारी वायूची रात्र पाहिली त्या शहरात श्वासाविषयी हलक्या शब्दांत बोलू नये, हे आम्ही जाणतो. पण म्हणूनच येथील एखादा प्रौढ माणूस जेव्हा पाण्यातून डोके वर काढून सावकाश, पुरा श्वास घेतो तेव्हा ते दृश्य आम्हांस साधे वाटत नाही.

आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, कारण गुडघे. सकाळच्या वेळेस येणारे सात-आठजण ओळखीचे झाले. त्यांत सचिवालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे लिहिले, आता घरात कोणी विचारीत नाही, असे ते हसत सांगत. एका बाईंनी बावन्नाव्या वर्षी पोहणे शिकण्यास आरंभ केला होता; त्यांच्या माहेरी नदी दाराशी होती, पण ती भावांसाठी. एकजण पत्नीच्या निधनानंतर येऊ लागले होते. ते कोणाशी बोलत नसत. त्यांनी एकदाच आम्हांस सांगितले, की पाण्यात चेहरा ओला असण्याचे कारण कोणी विचारीत नाही. या सर्वांना आम्ही कधी ना कधी वडिलांना विचारलेला तोच प्रश्न विचारला, आणि सर्वांचे उत्तर शब्दांच्या थोड्याफार फरकाने तेच आले. हिंदीत आले, मराठीत आले. "बदन खुल जाता है", "मोकळे वाटते". कोणीही वजनाचा आकडा सांगितला नाही, नाडीचे ठोके सांगितले नाहीत. ही कारणे घेऊनच ते आले होते, डॉक्टरांनी सांगितले म्हणूनच आले होते. पण टिकले ते वेगळ्याच कारणासाठी. येण्याचे कारण आणि टिकण्याचे कारण हे दोन असतात, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला नवीन नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की हा सुखवस्तू माणसांचा विचार झाला. यात अडले कोणाचे? त्यास उत्तर दुर्दैवाने याच शहरात आहे. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे छोट्या तलावाच्या खटलापुरा घाटावर गणपतीची मोठी मूर्ती विसर्जनास घेऊन गेलेली नाव उलटली आणि अकराजण बुडून मेले. ज्या सणाचा सार्वजनिक उत्सव महाराष्ट्राने देशभर नेला त्या सणाची ही पहाट होती. आम्हांस ती विसरता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. पोहणे येत असते तर ती सर्व वाचली असती असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पुरापुढे आणि काळोखापुढे पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. पण जो समाज पाण्याच्या काठी राहतो, पाण्यात देव विसर्जित करतो, पाण्यात व्रते करतो, आणि तरीही पाण्याला ओळखत नाही, त्याने आपल्या विस्मृतीची किंमत ओळखली पाहिजे. आई जर पन्नाशीत पोहू लागली तर मुलाला पाण्यात पाठविताना तिचा हात थरथरत नाही. प्रौढाचे पोहणे हे त्याच्या एकट्याचे असले तरी त्याचे ज्ञान घरात पाझरते.

ज्यांचे नाव आमच्या वसाहतीस आहे त्या जवाहरलाल नेहरूंनाही हा धडा तरुणपणी मिळाला होता. १९१० साली नॉर्वेत फिरत असता ते व त्यांचा एक इंग्रज सोबती हिमनदीच्या ओढ्यात स्नानास उतरले. पाणी बर्फासारखे, पाय घसरला, अंग बधिर झाले आणि प्रवाहाने त्यांना ओढून नेले. सोबत्याने काठाकाठाने धावत जाऊन पाय धरून त्यांना बाहेर काढले, म्हणून ते वाचले. आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. पाण्याविषयी प्रेम आणि पाण्याविषयी धाक ही दोन्ही एकाच माणसात कशी नांदावी याचे हे उदाहरण, नेहरू नगरच्या रहिवाशांस तरी, ठाऊक असावे.

मोठ्या तलावात आम्ही पोहत नाही, आणि पोहू द्यावे अशी मागणीही करीत नाही. ते पाणी शहर पिते. २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचे नाव गेले, २०११ साली त्याला 'भोजताल' हे अधिकृत नाव मिळाले. त्याच्या काठाशी जी बांधकामे सरकत येतात आणि जे सांडपाणी त्यात उतरू पाहते त्याची काळजी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या तळ्याची कथा एका आजारी राजाच्या स्नानाने सुरू होते त्या तळ्याच्या शहरात सामान्य प्रौढ माणसाला, स्त्रीला व पुरुषाला, सकाळी तासभर स्वच्छ व निर्भय पाणी परवडेल अशा दरात मिळावे. आणि खिडकीवर त्याला कारण विचारू नये.

कारण विचारावे ते घरी, आणि आपुलकीने. वडिलांना आम्ही तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. त्यांच्या पहाटेच्या आठ फेऱ्यांमागे काय होते? कर्ज होते, भावांशी तुटलेले बोलणे होते, की आमच्या जन्माआधी गेलेला मुलगा होता? हे आता सांगणारे कोणी राहिले नाही. कोंडीचाही आता गाळ झाला आहे. राजांच्या स्नानाच्या कथा टिकतात, खाडी ओलांडणाऱ्यांच्या तारखा टिकतात. रोज पाण्यात उतरून मुकाट्याने परत येणाऱ्यांचा इतिहास मात्र ते गेले की त्यांच्याबरोबर जातो. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे कोणी असेल, आजी असो की मामा, गोव्याच्या बांयत पेंवणारा असो की कृष्णेच्या घाटावरचा, त्यांनी एकदा शेजारी बसून विचारावे आणि मराठीत किंवा कोंकणीत, जसे सांगतील तसे, लिहून ठेवावे. "अंग मोकळे होते" असे उत्तर आले तर तेथे थांबू नये. आम्ही थांबलो.